डिचोलीचे पाणी आणि पेडण्याचे

कोकण रेल्वेने मी थिवीला उतरले तेव्हा सामानात चार साड्या, औषधांची पिशवी आणि बडोद्याच्या डॉक्टरांनी दिलेला एक कागद होता. हाडांची घनता वयाच्या मानाने कमी, साखर सीमेवर, असे त्यात छापलेले होते. आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात दोन शब्द होते : 'पोहणे. वजने.' माझे वय त्रेपन्न. या दोहोंपैकी एकही गोष्ट मी जन्मात केलेली नव्हती.

तो कागद मी कदाचित इतर कागदांप्रमाणे फडताळात ठेवून दिला असता. पण घरात आई होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त झाले आणि तिच्या मांडीचे हाड खुब्यात मोडले. शस्त्रक्रिया यथासांग झाली, हाड जुळले, परंतु आई पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही. गेली सात वर्षे ती खिडकीतून जेवढे बडोदे दिसते तेवढेच पाहते आहे. तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "तुमची हाडे आईंच्या वळणावर गेली आहेत." नाकडोळे आईच्या वळणावर गेले असे ऐकण्यात धन्यता वाटते, हे ऐकताना हातपाय गार झाले.

आई मूळची नार्व्याची. नार्वे हे डिचोली तालुक्यातले मांडवीकाठचे गाव. नदीपलीकडे दिवाडी बेट, अलीकडे सप्तकोटीश्वर. दिवाडीवरचे हे कदंबांचे दैवत नदी ओलांडून या तीरावर आले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथील देवालयाचा जीर्णोद्धार केला, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेले असेल. आई लग्न होऊन बडोद्याला आली ती एकोणिसाव्या वर्षी. लहानपणी ती आम्हांला सांगे, की आमच्या कुळागरातल्या तळीत मी शाळेआधी तीन फेऱ्या मारीत असे. आम्ही हसत असू. जिला आम्ही बादलीपलीकडच्या पाण्याजवळ कधी पाहिले नाही, ती आई पोहत होती यावर विश्वास कसा ठेवावा? 'जाऊन ये,' असे घरच्यांनी म्हटले, धाकट्या भावाने व भावजयीने आईची जबाबदारी घेतली, आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली मी कार्तिकात आजोळी मामेभावाकडे मुक्कामाला आले, ती वैशाख लागेपर्यंत राहिले.

खरे तर व्यायामासाठी बडोदे सोडून जावे, ही गंमतच आहे. आमच्या शहरात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. राजरत्न माणिकरावांचे नाव अजून आदराने घेतात, आणि मोडलेली हाडे बसविण्यात त्यांचा केवढा लौकिक होता हे वडीलधारी मंडळी सांगत. 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड याच शहरातून निघाले. परंतु आमच्या पिढीच्या घरांतून मुलगे तालमीत जात आणि मुली ओसरीवर बसून मुलग्यांच्या लंगोटांचे वाळवण राखीत. तक्रार म्हणून सांगत नाही. त्या काळी ते कुणाला खटकतही नव्हते.

नार्व्याला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनींनी मला तळी दाखविली. कुळागर म्हणजे सुपारीची बाग. तीत माड, केळी, मिरवेली, अननस यांची दाटी. वरच्या अंगाला जांभ्या दगडात बांधलेली तळी, तिच्यातून पाट काढून बागेला पाणी. आमची तळी मोठी नव्हे. पंधरा-सोळा पावलांची लांबी, एका कोपऱ्यात पायऱ्या, खोली एका टोकाला छातीइतकी व दुसऱ्या टोकाला डोक्यावरून. दादांनी दोन वर्षांपूर्वीच गाळ काढून घेतला होता. पाणी हिरवे, थंड, आणि सकाळी सातपर्यंत सुपारीच्या सावलीत काळे दिसणारे.

वहिनी अठ्ठावन्न वर्षांच्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून त्या पायऱ्या उतरल्या आणि पाण्यात अशा शिरल्या, की जणू माजघरातून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी माझ्यासाठी काय आणले होते? दोन असोले नारळ, वाळलेले, सालीच्या पट्टीने एकमेकांस बांधलेले. ती पट्टी छातीखाली घ्यायची, दोन्ही काखांशी एकेक नारळ, की माणूस तरंगतो. आपल्याकडे वाळका भोपळा बांधत, तसेच हे. पाच वर्षांच्या पोरांचे ते साधन लावून पन्नाशी उलटलेली बाई पाण्यात हात मारते आहे, हे पाहायला शेजारची दोन मुले रोज कठड्यावर येऊन बसू लागली. त्यांना हाकलून द्यावे असे मला फार वाटे. पण पाय टेकत नसताना हुकूम सोडणे जमत नाही.

पहिले आठ दिवस मी केवळ पाण्याशी झगडले. मान ताठ, मुठी वळलेल्या, श्वास कोंडलेला. "भिऊ नको गो," वहिनी म्हणत, "तू बुडत नाहीस, तू बुडायला बघतेस." नवव्या की दहाव्या दिवशी त्यांनी मला पाठीवर निजविले, मानेखाली तळवा धरला, आणि कधी काढून घेतला ते मला कळले नाही. वर सुपारीच्या शेंड्यांमध्ये अडकलेले आभाळ होते आणि कानांत पाण्याचा बारीक आवाज. त्या क्षणी नारळांचे काम संपले असे नाही. ते आणखी तीन आठवडे चालले. पण भय गेले ते तेव्हा.

पाण्याचा गुण असा, की कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा निम्माच भार राहतो, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश, आणि मानेपर्यंत गेलात तर जेमतेम दहावा हिस्सा. जिन्याच्या चौथ्या पायरीवर कुरकुरणारे माझे गुडघे तळीत मुळीच बोलत नसत. दम मात्र चांगला लागे, कारण पाणी प्रत्येक हालचालीला अडविते. महिन्याभरात रात्रीची झोप सुधारली. मी आनंदाने डॉक्टरांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "उत्तम. आता दुसरा शब्द."

कारण जो गुण गुडघ्यांना सुखाचा, तोच हाडांच्या दृष्टीने अपुरा. हाड हे सजीव आहे. त्याच्यावर भार पडला, स्नायूने त्याला ओढले, तर ते घट्ट होते. पाणी तो भारच काढून घेते. तिशीपर्यंत हाडांची जी काय ठेव जमते ती पुढे आपण खर्चीत असतो, आणि बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरची काही वर्षे हा खर्च फार वेगाने होतो. स्नायूंचेही तेच : तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात, आणि न वापरल्यास पुढे अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जे मार्गदर्शन केले त्यात आठवड्याला निदान १५० मिनिटे दमाचा व्यायाम आणि त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा, असे दोन्ही आहे. आपण दुसरा भाग सोयीस्करपणे विसरतो. सकाळी तीन फेऱ्या चालून आलो की पुण्य गाठीला बांधले, अशी आपली समजूत.

म्हणून डिचोलीची जिम. बाजारात, एका कापडाच्या दुकानावरचा माडीचा मजला. एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीवर बजरंगबली, कोपऱ्यात लोखंडी तबकड्या रचलेल्या. पहाटे सहाला तेथे कर्कश गाणी लागतात. ती मला अखेरपर्यंत सोसली नाहीत. मी साडेसहाच्या सुमारास भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून आठवड्यातून तीनदा जात असे. शिकविणारा तरुण पस्तिशीचा. पूर्वी त्याचा खनिजवाहू ट्रक होता. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मध्ये २०१५ मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक दोन वर्षे दारात उभा राहिला, मग विकला. २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात खनिज पुन्हा निघू लागले, तेव्हा बरोबरीचे काही जण परत गेले. हा गेला नाही. "ताई, त्या ट्रकमध्ये बसून माझेच पोट सुटले होते," तो म्हणाला.

ही गोष्ट त्याच्या एकट्याची नव्हे. डिचोलीच्या बाजारात मला आढळले, की माझ्याबरोबर वजने उचलणारी निम्मी माणसे चाळिशी-पन्नाशीची. एक बार्जवरचा खलाशी, एक मराठी शाळेतले गुरुजी, एक सराफ, दोन गृहिणी. यांच्या आईबापांना व्यायाम हा शब्द लागला नाही. डोंगरउतारावरची शेती, कुळागराचे पाट, विहिरीवरचे पाणी, यात दिवस सरे. मग खाणी आल्या, पैसा आला, शेते पडीक राहिली, आणि कित्येक ठिकाणी पाणीही गेले. देवी लईराईच्या जत्रेत धोंड जेथे पेटत्या होमकुंडातून चालत जातात, त्या शिरगावात खाणी खोल गेल्या तशा विहिरी आटल्या. आता डिचोलीच्या रस्त्याने जाताना सोडून दिलेल्या खाणींचे खड्डे दिसतात. त्यांत साठलेले पाणी इतके निळे-हिरवे, की पोहायला नुकत्याच शिकलेल्या माणसाला मोह पडावा. भाच्याने तेथे स्कूटर थांबवायलाही नकार दिला. काठ उभे तुटलेले, खोलीचा अंदाज नाही, आणि उतरलेल्याला वर चढायला धर नाही. मुले बुडाल्याच्या बातम्या येथील घराघरांत ठाऊक आहेत.

जिममधला माझा पहिला दिवस फार अपमानाचा गेला. नुसता लोखंडी दांडा, तबकड्याविना, जमिनीवरून उचलायचा होता. "ताई, भरलेला हंडा उचलतात तसा उचला. पाठ सरळ, गुडघ्यांतून वाका." मी म्हटले, "अहो, हंडा मी कधी उचललाच नाही. आमच्याकडे नळ होता." तो हसला आणि दांडाही काढून घेऊन माझ्या हाती लाकडी काठी दिली. त्या काठीवर मी आठ दिवस काढले. मग दांडा, मग दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलो, आणि महाशिवरात्रीच्या आसपास एकूण तीस किलो मी जमिनीवरून उचलून सरळ उभी राहिले. शेजारच्या गुरुजींनी टाळ्या वाजविल्या. उठाबशांना तेथे इंग्रजी नाव आहे, पण गुरुजी 'बैठका'च म्हणत, आणि मला तेच बरे वाटे.

या गुरुजींनीच मला औंधकरांची आठवण दिली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आधी सुमारे दहा वर्षे सँडो या युरोपीय मल्लाच्या उपकरणांनी व्यायाम केला, आणि चाळिशीच्या सुमारास ते सर्व बाजूला ठेवून सूर्यनमस्कार धरले. ते मग आयुष्यभर, राणीसाहेब, मुले आणि संस्थानातल्या शाळा यांच्यासह. गुरुजींचे म्हणणे असे, की आपण उलट दिशेने निघालो आहोत, नमस्कारांकडून सँडोकडे. मी या वादात पडले नाही. नमस्कार उत्तमच, पण ज्या बाईला स्वतःच्या शरीराचाच भार पेलत नाही तिला अर्ध्या किलोपासून मोजून वाढविता येणारे लोखंड फार दयाळू वाटते. वय जसे वाढते तसे मोजमाप उपकारक होते, असे माझे मत झाले आहे.

पौषात गावोगावी धालो सुरू झाले. रात्री मांडावर बायका समोरासमोर दोन ओळी धरतात, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफतात, आणि वाकत, पुढे-मागे होत गातात, शेवटी फुगड्या. सत्तरीच्या आज्या तासन्‌तास. मी हौसेने ओळीत शिरले आणि अर्ध्या तासात बाहेर येऊन बसले. पोहणे आणि वजने यांनी मी काय मिळविले होते याचा ठाव त्या रात्री लागला : थोडेसेच.

चैत्रात वहिनींच्या माहेरी, पेडण्याला जाण्याचा योग आला. डिचोलीहून अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ असा रस्ता. पेडणे तालुका हा गोव्याचा उत्तर टोकाचा तुकडा; दक्षिणेस शापोरा नदी, उत्तरेस तेरेखोल, पश्चिमेस समुद्र. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. डिचोलीप्रमाणेच हाही 'नव्या काबिजादी'तला, म्हणून देवळे जागच्या जागी राहिली आणि बोलीत मालवणीचा गोडवा राहिला. ग्वाल्हेर-उज्जैनकडील वाचकांना सांगायला हवे, की महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर हे याच तालुक्यातल्या केरीचे. पेडण्याच्या भगवतीच्या देवळापुढे दोन भव्य हत्ती आहेत. मी लहान मुलासारखी त्यांच्या पायांशी उभी राहून आले.

या शांत तालुक्यात आता फार धांदल आहे. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, आणि त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचेही. किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमल येथे हॉटेलांची रांग लागली आहे. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालायला येतात, तेवढा भाग वनखाते दोऱ्या बांधून राखते. हरमलच्या वाळूवर युरोपातली सत्तरीची जोडपी सकाळी योगासने करून समुद्रात शिरताना पाहिली, आणि त्याच वाळूवर चाळिशीतले आपले पर्यटक वडापाव खात बसलेले पाहिले. टीका करीत नाही. पाच महिन्यांपूर्वी मीही वडापावच्या बाजूला होते.

समुद्रात मी उतरले ती गुडघ्यापर्यंत. वहिनींचे वडीलभाऊ रापणीवर आयुष्य काढलेले, ते म्हणाले, "तळीचे पाणी उभे असते. हे पाणी चालते. वाळूवर लाट फुटून परत जाते तेव्हा तिच्याबरोबर ओढ असते, ती दिसत नाही." मासेमार स्वतः मौजेखातर समुद्रात पोहत नाहीत, हे त्यांच्याकडून कळले, समुद्र ही त्यांची कामाची जागा. २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, धोक्याच्या जागी लाल निशाण लावतात, आणि पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये असे बजावतात. बाहेरून येणारी माणसे या निशाणापाशी उभे राहून छायाचित्रे काढतात आणि मग आत जातात.

हरमलच्या उत्तरेला खडकांच्या कडेने चालत गेले, की पालये गावाच्या हद्दीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे आहे. मागच्या झाडीतून ओहोळ येतो, वाळूच्या बांधाआड अडतो, आणि समुद्राची गाज कानांवर येत असताना माणूस गोड्या पाण्यात असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मी तेथे पहिल्यांदा चारचौघांत घातला. वहिनी काष्ट्यात. आम्ही दोघी कडेकडेने निघालो, मध्यापर्यंत गेलो, पाठीवर पडून दम घेतला, आणि पलीकडे टेकलो. नारळ नव्हते, तळवा नव्हता. किती लांब होते कोण जाणे. मला ते बडोद्यापासून आल्याइतके लांब वाटले.

हिशेब विचाराल, तर वजन सहा महिन्यांत चारच किलो उतरले. साखर सीमेच्या आत आली. हाडांची तपासणी वर्षाने करायची, कारण हाडे इतक्यात बोलत नाहीत. मात्र जमिनीवर मांडी घालून बसलेली मी आता हाताचा टेकू न घेता उभी राहते. कार्तिकात मला त्यासाठी खुर्चीचा पाय लागत होता.

तळ्याच्या काठावर ओल्या अंगानेच मी आईला दूरध्वनी लावला. भावजयीने तो तिच्या कानाशी धरला. मी घाईघाईने समुद्र, तळे, पलीकडला काठ, सगळे सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते असू दे. आपल्या तळीत खालपर्यंत गेलीस का? पायऱ्यांवरून?"

"गेले की. रोज तिथूनच उतरते."

"चौथी पायरी हलते बघ," आई म्हणाली. "तिच्यावर भार देऊ नकोस."

ती हलते. पहिल्याच दिवशी वहिनींनी मला हात धरून तिच्यावरून पलीकडे घेतले होते.